कॉलेजची मोरी

आमच्याकडे काहीही बघायला जायचं ते पाच जणांनी. मुलगी बघायला पाच, मुलगा बघायला पाच, घरात बैल होते तेव्हा बैल बघायलाही पाच जण गेले होते, असं बाबा सांगायचे. त्यामुळे मी बारावीची परीक्षा देऊन घरी बसले आणि मे महिन्यात कॉलेज बघायला जायचं ठरलं, तेव्हा त्या कॉलेजात काय शिकवतात हा प्रश्न कुणी काढला नाही. पाचवं कोण, हा काढला. बाबा, आई, हसुमामा आणि मी मिळून चारच होत होतो. शेवटी नाइलाजाने गोमी आत्याला घेतलं. हसुमामाचा सगळा बेत तिथेच फसला होता, फक्त ते त्याला कॉलेज बघून आल्याच्या दुसऱ्या दिवशी कळलं.

आमचं घर विचुंब्याला. नवीन पनवेलच्या इमारती तेव्हा कुंपणाला येऊन टेकल्या होत्या आणि उन्हाळाभर मातीचे डंपर दारावरून धडधडत जायचे. आई अंगणात पापड घालायची आणि प्रत्येक डंपरच्या ड्रायव्हरला त्याच्या सात पिढ्यांसकट आशीर्वाद द्यायची. एका बाजूला पापड, दुसऱ्या बाजूला पावसाळ्याच्या बेगमीचे बोंबील आणि सुकट, आणि मध्ये राखणीला मी, हातात काठी, मांडीवर रसायनशास्त्राचं पुस्तक. परीक्षा संपली होती तरी पुस्तक सुटत नव्हतं. या पोरीचं काहीतरी बिघडलंय हे तेव्हाच कुणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं, पण लक्षात आलं ते फक्त कावळ्यांच्या. मी पान उलटलं की एक बोंबील कमी व्हायचा. दुपारी तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी आणि कैरी घालून केलेलं बोंबलाचं कालवण, आणि त्यासोबत आईची बोलणी: “पुस्तक वाचून बोंबील वाढतात का गं, वने?”

बाबा तळोज्याला एका केमिकलच्या कंपनीत होते, पाळीवर. पाळी संपवून घरी आले की आधी दारातच कपडे बदलायचे, आणि ते कपडे आई वेगळे धुवायची. त्या कपड्यांना रोज वेगळा वास. कधी कुजक्या अंड्यांचा, कधी डोळ्यांत झोंबणारा, आणि आठवड्यातून एखाद्या दिवशी चक्क गोड, जास्त पिकलेल्या केळ्यांसारखा. “आज केळीवाला लॉट होता वाटतं,” आई म्हणायची आणि बादली लांब सरकवायची. मी एकदा बाबांना विचारलं होतं, हा वास कशाचा? “माल हाय,” बाबा म्हणाले. कसला माल? “डरमवर इंग्लिशमदी लिवलेलं असतं. तू वाच एक दिवस आनि मला सांग.” ते हसत म्हणाले होते. मी मात्र ते मनावर घेतलं. थट्टेतल्या गोष्टी मनावर घ्यायची खोड मला अजून आहे आणि माझा नवरा त्याचा पुरेपूर फायदा घेतो.

गोमी आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. सोळाव्या वर्षी उरणच्या बाजूला लग्न होऊन गेली आणि एकोणिसाव्या वर्षी एक पिशवी घेऊन परत आली. का आली, हे घरात कुणी बोलत नसे. परत आलेल्या बाईला घरात जागा मिळते, मत मिळत नाही. आत्याला मिळालेली जागा म्हणजे मोरी आणि मोरीच्या मागचं परसदार. तिथे मात्र तिचं राज्य होतं. पाणी कधी भरायचं, हंडा कुठे ठेवायचा, राख कुठल्या करवंटीत, सगळं ती ठरवायची. कुणाच्या घरी सत्यनारायणाला गेलो तरी ही बाई प्रसाद घ्यायच्या आधी मागे जाऊन मोरी बघून यायची आणि घरी येताना निकाल द्यायची. “ओटी सगळ्यांचीच सारवलेली असते,” ती म्हणायची. “घर बगायचं तर मोरी बगा.” आम्हाला लाज वाटायची. मला तर फार.

आता हसुमामा. आईचा भाऊ, जमिनीच्या व्यवहारातला माणूस. त्याच्याकडे दोन मोबाइल होते, एक बोलायचा आणि एक दाखवायचा. त्या उन्हाळ्यात त्याने आमच्या घरात दोन गोष्टी आणल्या होत्या. एक, ओवे गावातलं स्थळ. मुलाचा स्वतःचा डंपर, घराला टाइल्स, आणि त्यांना पावसाच्या आत होय-नाही हवं होतं. दुसरी, गुळगुळीत कागदावर छापलेलं एका कॉलेजचं माहितीपत्रक. हमरस्त्यापासून आत, माळावर, नव्याने निघालेलं हे कॉलेज. त्याच्या जमिनीचा सौदा मामाने केला होता, त्यामुळे कॉलेज आपणच जन्माला घातल्यासारखं तो बोलायचा. बाबा लग्नाला चटकन तयार होईनात, मला शिकायचंय हे त्यांच्या कानावर होतं. मग मामानेच तोड काढली. “दाजी, एकदा कॉलेज बगून घ्या. पसंत पडलं तर शिकू दे पोरीला. नायच पडलं तर मी ओव्याला हो कळवतो. दोन्ही हातात लाडू!” लाडू कुणाच्या हातात ते त्याने सांगितलं नाही. बाबांनी मान डोलावली. म्हणजे माझं पुढचं सगळं आयुष्य एका सकाळच्या फेरीवर येऊन ठेपलं. तीन वर्षं बी.एस्सी. किंवा जन्मभर डंपरवाल्याच्या टाइल्स पुसणं.

त्या माहितीपत्रकावर मी अक्षरशः भाळले होते. पहिल्याच पानावर झाडाखाली हिरवळीवर बसलेली एक मुलगी पुस्तकात बघून खळखळून हसत होती. तसं हसण्याचा मी आरशासमोर सरावही केला. आज माझी पंचवीसेक वर्षं कॉलेजांत गेली आहेत. झाडाखाली बसून रसायनशास्त्राचं पुस्तक वाचताना हसणारं एकही लेकरू मी बघितलेलं नाही. रडणारी बघितलीत. पण तेव्हा मला ते कॉलेज हवं होतं, तीच हिरवळ, तेच काचेचे दरवाजे. पनवेल शहरातलं ते जुनं कॉलेज, रंग उडालेलं, भिंतीतून पिंपळ उगवलेलं, तिथे कुणी जातं का? बाजाराला जाताना मी त्याच्यासमोरून शंभरदा गेले असेन आणि मान वळवून बघितलं नसेल.

ठरल्या दिवशी आम्ही मामाच्या जीपमधून निघालो. मी नवा पंजाबी ड्रेस घातला होता आणि “माय सेल्फ वनिता” पाठ केलं होतं. आईने ठेवणीतली साडी नेसली, बाबांनी इस्त्रीचा सदरा. मामाने नारळ घेतला आणि खिशात हळद लावलेली सुपारी टाकली. “लगेच ठरलं तर?” तो म्हणाला. आत्याने नेहमीचं लुगडं, कमरेला पानाची चंची, आणि पाण्याची बाटली. परक्याच्या घरचं पाणी ती आधी बघितल्याशिवाय पीत नसे.

कॉलेजच्या फाटकावर रखवालदाराने सलाम ठोकला. बाबांना आयुष्यात कुणी सलाम ठोकला नव्हता, त्यांनीही उलट ठोकला. आत कारंजं उडत होतं. त्याच माळाच्या पलीकडच्या वाडीत बायका टँकरच्या मागे हंडे घेऊन पळताना आम्ही येताना बघितल्या होत्या. “पानी झकास हाय,” बाबा म्हणाले. आत्या मागे वळून वाडीकडे बघत होती. गारेगार खोलीत टाय लावलेला एक मुलगा बसला होता, त्याला मामा ‘सर’ म्हणत होता म्हणून आम्हीही म्हणालो. त्याने बाबांना ‘अंकल’ केलं, आईला ‘आंटी’, आत्याला ‘आजी’. समोसे आले, थंड सरबत आलं. सगळं अगदी दाखवण्याच्या कार्यक्रमासारखं. फक्त आम्ही मुलीकडचे की मुलाकडचे हे कळेना. ते कळलं थोड्या वेळाने, ‘विकास निधी’ हा शब्द निघाला तेव्हा. आमच्यात हुंडा घेत नाहीत आणि देत नाहीत, ही आमची फार जुनी फुशारकी. बाबांनी मामाकडे बघितलं. मामाने छताकडे बघितलं.

मग मुलाने आम्हाला फिरवायला नेलं. सुट्टी असल्याने सगळीकडे शुकशुकाट. वाचनालयातली पुस्तकं कपाटात कुलपाआड, काहींवरचं प्लास्टिक अजून तसंच. मी म्हटलं, किती जपतात! प्रेमात माणूस असाच आंधळा असतो. पुढे एका भिंतीवर नोकरी लागलेल्या मुलांचे फोटो होते, सगळे टायमधले. बाबा एका फोटोपाशी थांबले. नाक जवळ नेऊन बघितलं. “हा आपल्या कंपनीत हाय,” ते म्हणाले. मुलगा खूश झाला. “बघा अंकल! केमिकल इंडस्ट्रीत प्लेसमेंट!” बाबा म्हणाले, “हो, ठेकेदाराकडं. गोणी शिवतो.” मुलगा पुढच्या खोलीकडे जरा भरभर चालायला लागला.

पुढची खोली म्हणजे प्रयोगशाळा, आणि तिथे मी दारातच थबकले. पांढरीशुभ्र टेबलं, ओळीने मांडलेल्या बाटल्या, आणि प्रत्येक टेबलाच्या टोकाला चकचकीत स्टीलचं बेसिन. मी मनातल्या मनात तिसऱ्या टेबलावर माझी जागा धरलीसुद्धा. तेवढ्यात मागून आत्याचा आवाज आला. “मोरी ही काय?” मुलगा हसून म्हणाला, “हो आजी, ही कॉलेजची मोरी.” आईने माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे. आत्याने नळ फिरवला. नळ कोरडा. “समर व्हेकेशन आहे ना आजी, पाणी बंद ठेवतो आम्ही.” खिडकीतून कारंजं दिसत होतं. आत्याने बेसिनमध्ये बोट फिरवलं, बोट नाकाला लावलं, मग शांतपणे स्वतःच्या बाटलीचं झाकण काढलं आणि सगळं पाणी बेसिनमध्ये ओतलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग बेसिनखालच्या कपाटाच्या फटीतून ते पाणी बाहेर आलं आणि सरांच्या पॉलिश केलेल्या बुटांवर गेलं.

“अरे देवा!” आई म्हणाली. आत्याने वाकून कपाटाचं दार उघडलं. आत काही नव्हतं. नळी नाही, पाइप नाही, बेसिनच्या भोकातून वरच्या दिव्याचा उजेड खाली पडला होता. “मोरी बांधली आनि पाट काढाया इसरले,” आत्या म्हणाली. मामा पुढे झाला. “फिटिंग राहिलंय जरासं. मोठ्या कामात होतं असं.” आत्याने सरांना विचारलं, “कितवं वरीस कॉलेजचं?” सर बूट झटकत म्हणाले, “चौथं.” “मंग चार वरसं पोरं हात कुठं धुतात रं, लेकरा?”  मामाचा दाखवायचा मोबाइल वाजला, जो कधी वाजत नसे, म्हणजे तो त्याने स्वतःच वाजवला असणार. बाबा म्हणाले, “आमी कळवू.” बघायला गेलेल्या घरी नकार द्यायचा असला की आमच्यात हेच म्हणतात.

परतीच्या वाटेवर, विचुंब्याच्या वळणावर बाबा म्हणाले, “झालं. शिक्शन पन बगितलं. सगळा दिखावा. हसू, ओव्याला कळवून टाक, या रविवारी या म्हनावं.” मामाचा चेहरा उजळला. एक लाडू पडला होता, दुसरा हातात होता. घरात शिरताच त्याने खिशातली सुपारी देवघरातल्या ताटलीत ठेवली. “रविवारी लागंल,” म्हणाला आणि जेवायला बसला.

मी सरळ मोरीत गेले. आत्या हंड्यांना चिंच लावत होती. कॉलेजवर मी तोंड उघडलं नव्हतं, बाबांपुढे उघडलं नव्हतं, ते सगळं तिथे उघडलं. काय गरज होती पाणी ओतायची? कुणी सांगितलं होतं? पाइप नसला तर नसला, मी घरून हात धुऊन गेले असते! माझं सगळं जुळत आलेलं मोडलंस. आणि मग जे म्हणाले ते असं: “तुला स्वतःला नांदता आलं नाही, म्हणून दुसऱ्याचं काही होऊ द्यायचं नाही तुला.”

आत्याचा हात थांबला. तिने माझ्याकडे बघितलं नाही. हंडा खाली ठेवला, हात पदराला पुसले आणि परसदारी जाऊन बसली. तशीच, चिंच लावलेले हंडे मागे टाकून. मोरी अर्धवट टाकून ती उठलेली मी कधीच बघितली नव्हती. ते वाक्य आजही आठवलं की माझे कान तापतात. वर्गात एखादी मुलगी आईला फोनवर उलट बोलताना ऐकली की मला तिच्या हातातून फोन हिसकावून घ्यावासा वाटतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा पहिल्या पाळीला गेले आणि आत्या माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “चल.” कुठे? “चल म्हनलं ना.”  आम्ही दोघीच निघालो. पाच नाही, तीन नाही, सोबत पुरुष नाही. शेअर रिक्षात मी एका कडेला, ती दुसऱ्या कडेला, मध्ये एक कोळीण टोपली मांडीवर घेऊन. तिच्या टोपलीवरून आत्या बोलायला लागली, इतक्या साध्या आवाजात, जणू बाजाराचा भाव सांगतेय. “माजं घर बगायला तुझा आजा पाच मानसं घेऊन गेला होता. फळीवर पितळेची भांडी, ही अशी चमकनारी. मानसं ओटीवर बसली, च्या प्याली, भांडी बगितली, सुपारी फोडली. मागं कोन गेलं नाय. लगीन झालं आनि तिसऱ्या दिवशी शेजारनी आल्या, आपापली भांडी उचलून घेऊन गेल्या. घरात ऱ्हायले दोन टोप. मोरीत पानी नव्हतं, अर्ध्या कोसावरून आनायचं. आनि बाकीचं बी तसंच, सगळं दुसऱ्याचं आनून मांडलेलं. मानुसकी पन.” कोळीण म्हणाली, “खरं हाय गं बाय.” मला माफी मागायची होती, पण मध्ये टोपली होती. हे कारण तेव्हा मला पुरेसं वाटलं.

रिक्षा थांबली ती पनवेलच्या त्या जुन्या कॉलेजपाशी. पुढचं दार बंद. सुट्टीची पाटी. पिंपळ होताच. मला हायसं वाटलं, म्हटलं चला, परत जाऊ. आत्या मात्र पुढच्या दाराकडे बघतही नव्हती, ती इमारतीला वळसा घालून मागे निघाली होती, सत्यनारायणाला जाते तशी. मागे एक दार अर्धवट उघडं होतं आणि आतून पाणी वाहण्याचा आवाज येत होता.

लांबलचक, अंधारी खोली. काळपट पडलेली लाकडी टेबलं, त्यांवर जागोजागी जळल्याचे डाग. शेवटच्या टेबलापाशी जुनी सुती साडी नेसलेली, वर पिवळट ॲप्रन घातलेली एक बाई काचेच्या लांब नळ्या एकेक करून धूत होती. “बाय,” आत्याने तिला हाक मारली, “कॉलेजची मॅडम कुठं भेटंल?” बाईने वळूनही बघितलं नाही. “सुट्टी आहे. जूनमध्ये या.” “मॅडमला भेटायचं हाय.” “मीच मॅडम आहे. वैद्य. केमिस्ट्रीची. आणि मी कामात आहे.” आत्या तिच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, “आपली भांडी आपनच घासता?” वैद्य मॅडम चिडल्या. “मग कोण घासणार? ब्युरेट आहेत या, कुणाच्या हातात दिल्या की फुटतात. काय हवंय तुम्हाला?” आत्या म्हणाली, “मोरी बगायची हाय.”

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. पण मॅडम बाजूला झाल्या, कदाचित कंटाळूनच. ते बेसिन मी विसरणार नाही. चिनी मातीचं, कधीकाळी पांढरं असावं. कडा खाल्लेल्या, तळाला हिरवे, तपकिरी, निळे डाग. आत्याने नळ सोडला. पाणी धो-धो आलं. ती वाकली. खाली शिशाचा जाडजूड पाइप होता, दोन ठिकाणी सांधलेला, भिंतीतून बाहेर गेलेला. ती मागच्या दाराने बाहेर गेली, पाणी कुठे जातंय ते गटारापर्यंत बघून आली. मॅडम आता हात कमरेवर ठेवून बघत होत्या. “तपासणीला आलात का?” आत्या म्हणाली, “पोर द्यायची हाय.”

मॅडमनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. “बारावी दिलीस? केमिस्ट्री हवीय? का?” माझं “माय सेल्फ वनिता” कुठल्या कुठे पळालं. तोंडातून निघालं ते भलतंच. “बाबांच्या कपड्यांना वास येतो. तो कशाचा असतो ते मला हवंय.” “कसला वास?” “रोज वेगळा. कधी कधी गोड. पिकलेल्या केळ्यांसारखा.” मॅडमनी ब्युरेट खाली ठेवली. “तळोजा?” “हो.” “एस्टर असणार. बारावीत शिकलीस की! बनवला नसशील, एवढंच.” आणि मग माझ्याकडे बोट करून, “मार्क हवेत. इथे वशिला चालत नाही. यादीत नाव आलं तर ये, आलं नाही तर माझ्याकडे रडायला यायचं नाही.”

मी “हो मॅडम” म्हणते न म्हणते तोच आत्याने कमरेची चंची सोडली. आतून निघाली ती हळद लावलेली सुपारी. देवघरातली, मामाची, रविवारची. मला काही सुचायच्या आत तिने अडकित्ता काढला आणि जळक्या टेबलावर कटकन सुपारी फोडली. एक खांड मॅडमपुढे धरलं. “धरा.” “अहो, मी सुपारी खात नाही.” “खायची नाय. धरायची.” वैद्य मॅडमनी ओल्या हाताने ते खांड घेतलं, ॲप्रनच्या खिशात टाकलं आणि पुन्हा नळ्या धुवायला लागल्या. एम.एस्सी., सुवर्णपदक, आणि आपण आत्ता काय कबूल केलं याचा बाईंना पत्ता नव्हता. आत्याला मात्र होता. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, “जी आपली भांडी आपन घासते, तिच्या घरात मागून आनलेलं काय नसतं.”

संध्याकाळी बाबा आले, कपडे बदलून ओटीवर टेकले. मामा रविवारच्या तयारीसाठी आलेलाच होता. आत्या बाहेर आली. ओटीवर, पुरुष बसलेले असताना, ती अशी कधी येत नसे. तिने उरलेलं खांड बाबांपुढे ठेवलं. “बाळ्या, पोरीचं ठरवून आले.” बाबांना कळेना. मग सगळं कळलं. “बाय, तुमी दोघीच? असं कुठं असतं? कुनाला इचारलंस?” आत्याचा आवाज चढला नाही. “माजी सुपारी फोडली तवा मला कुनी इचारलं? भांडी परत गेली तवा मी सांगून धाडलं, मला घेऊन जा. तुमी काय सांगितलंत? सुपारी फुटली, आता शब्द फिरवता येत नाय. तीन वरसं मी तो शब्द पाळला. आता ही बी फुटलीय. फिरव बगू.”

 आत्या तेव्हा सासरहून निरोप पाठवायची, हे मला माहीत नव्हतं. आईलाही नसावं. बाबांना माहीत होतं. ते त्या खांडाकडे बघत राहिले, आणि त्यांचे डोळे भरून आले. बाबांना रडताना मी पहिल्यांदाच बघत होते आणि मला त्यांचा राग आला, मग कीव आली, मग पुन्हा राग आला. शेवटी ते म्हणाले, “नाय फिरवत.”

मामा मात्र उसळला. “अरे पन मी ओव्याला काय तोंड दाखवू? ती मानसं रविवारी येनार! त्यांना सांगू काय?”

आत्या मोरीकडे वळली होती. जाता जाता म्हणाली, “सांग, पोरीचं दुसरीकडं ठरलं.”

निकाल लागला. यादीत माझं नाव आलं, खालून चौथं, पण आलं. पुढे मी त्याच टेबलांवर शिकले आणि आता तशाच एका प्रयोगशाळेत शिकवते. उन्हाळ्यात आमच्याकडेही पालक कॉलेज बघायला येतात, हातात मोबाइल, कॉलेजचा ड्रोनवरून काढलेला व्हिडिओ बघून आलेले. आमच्याही व्हिडिओत एक मुलगी झाडाखाली हसते. मी त्यांना म्हणते, हे सगळं बघून झालं ना, आता माझ्याबरोबर मागे चला. कुणी येतं, कुणी येत नाही. डोक्यावरून आता नव्या विमानतळाची विमानं जातात आणि नळ सोडला की मला काय बोलायचंय ते निम्म्यांना ऐकूच येत नाही.

पण मला सांगायचा आहे तो पहिल्या प्रॅक्टिकलचा दिवस. सिल्व्हर नायट्रेट बोटांवर सांडलं होतं. घरी पोचेपर्यंत बोटं काळी पडली. मी हात मागे लपवून आत शिरले, पण आत्यापासून हात लपवून कुठे जाणार? तिने मला मोरीवर बसवलं, करवंटीतली राख घेतली आणि माझी बोटं घासायला लागली. मी डाव्या हाताने तांब्यातून पाणी ओतत होते. डाग हलेना. ती आणखी जोरात घासू लागली. “आत्या, हा जात नाही,” मी म्हटलं. “कातडीत बसतो. आठ दिवसांनी आपोआप जाईल.” ती थांबली. माझी बोटं उजेडाला धरून तिने एकेक करून बघितली. मी म्हणाले, “त्या दिवशी मी जे बोलले ना, नांदण्यावरून...”  तांब्या हातात तसाच राहिला.

“पानी वत,” आत्या म्हणाली. मी ओतलं. तिने माझ्या हातावरची राख धुतली, पदराने बोटं कोरडी केली, काळी होती तशीच. “डाग रावं दे,” ती म्हणाली. “मागून आनलेला नाय तो.”